झाडीपट्टीचं नाटक: यंदा कुठं, कोणासंग आणि रात्री खायला काय?

धानबांधी

मंडळी, दिवाळी झाली. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून बांधीत (शेतात) पडला आहे, भारी, म्हणजे उशिराचा अजून उभा आहे, आणि गावोगावच्या मंडयांच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, तारखा कानावर यायला लागल्या आहेत. मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. म्हणून यंदाचा धागा काढतो.

इथं मालिकांचा धागा वेगळा, खाण्याचा वेगळा, भटकंतीचा वेगळा आणि चित्रांचा वेगळा. आम्हा झाडीतल्या माणसाला हे सगळे शौक एकाच रात्री फेडून घ्यायची सवय. टीव्हीवरचा नट समोर बघायला मिळतो, खायला मिळतं, गाव हिंडणं होतं, रंगवलेले पडदे बघणं होतं, गाणं ऐकणं होतं, आणि वर चार पाहुण्यांची गाठ पडते ती फुकटात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथं दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. नाटक कंपन्यांची मुख्य पेठ वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. तिथं हंगामात कंपन्यांची दुकानं लागतात, बाहेर फलक टांगलेले असतात, आणि गावोगावची मंडळं येऊन तारीख पक्की करतात. कपड्याच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधतात ना, तसंच घासाघीस करत नाटक बांधलं जातं: हीरोईन कोण, विनोदी कोण, गाणी किती, डान्स किती.

मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, धान कापलेल्या बांधीत शामियाना ठोकतं, तिकिटं फाडतं. पुढं खुर्ची, मागं जमीन. गर्दी झाली तर उरलेले पैसे देवळाच्या सभामंडपाला नाहीतर शाळेच्या कामाला. नाही झाली तर मंडळाच्या पोरांचा खिसा आहेच.

पत्रकावर "रात्री ठीक १० वाजता" छापलेलं असतं. त्यातलं "ठीक" मनावर घेऊ नये. पहिला अंक बहुतेक वेळा रखडतो, कारण अर्धी माणसं अजून जेवत असतात आणि नटांना ते माहीत असतं. खरं नाटक दुसऱ्या अंकापासून. दोनच्या सुमाराला विनोदी पात्र येतं आणि झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात. पहाटे शेवट.

तर सांगा: यंदा कोणत्या गावचं बघणार? आणि तुम्हाला त्या रात्रीतलं नेमकं काय ओढून नेतं?

वऱ्हाडी_ठसका

धानबांधी भाऊ, तुमचा धागा दरसाल वाचतो आन् जीव जळते. आमच्या अकोल्याकडे असं काही राह्यलं नाही. आमच्याकडे कापूस येचाचा आन् संध्याकायी टीव्हीसमोर बसाचं, एवढीच काय ते करमणूक.

टीव्हीचं म्हनान तर, भारत गणेशपुरे पयल्यांदा वऱ्हाडी बोलत आले तवा आमच्या घरचे बुढे मानसं टीव्हीसमोरून हलत नव्हते. कोनीतरी आपल्यासारखं बोलून राह्यलं, हेच लय मोठं वाटे. पन भाऊ, त्याले आता किती वर्षं झाले! मले एक सांगा, मालिकेत वऱ्हाडी बोलनारा डॉक्टर पाह्यला का कोनं? वकील? पोरीच्या मागं लागलेला हीरो? आमी बोललो का लोकं हासाले तयार. आमचा मानूस मेला तरी आमी वऱ्हाडीतच रडतो ना बाप्पा, तवा बी हासान का?

तुमच्या नाटकात तरी हीरो झाडीबोलीत बोलते का, ते सांगजा.

उत्तरवाहिनी

ठसका भाऊ, दुखरी नस दाबलीत. उत्तर: नाही बोलत.

मी चामोर्शी तालुक्यातली. शाळेत शिकवते. लहानपणापासून नाटकं बघते आहे. आमच्या रंगमंचावर हीरो, हीरोईन, पाटील, इन्स्पेक्टर, सगळे पुस्तकी मराठी बोलतात. झाडीबोली कोणाला? विनोदी पात्राला आणि त्याच्या बायकोला. म्हणजे मुंबईची टीव्हीवाली मंडळी आपल्याशी जे करतात तेच आपण आपल्या बांधीत, आपल्या पैशांनी, आपल्याच लोकांपुढं करतो.

पण यातली गंमत अशी की गाव घरी घेऊन जातं ते त्या विनोदी पात्राचं बोलणं. हीरोचा पानभर संवाद सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. "का जी, कोठी चालला गा?" एवढं म्हणून विनोदी नट नुसता प्रवेशला तरी शामियाना हलतो. माझ्या वर्गातली पोरं आठवडाभर त्याची नक्कल करतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर एवढं मोठं काम करून ठेवलं, संमेलनं होतात, कविता लिहिल्या जातात. नाटकाच्या लेखकांनी मात्र बोलीला हसण्याच्या खोलीतून बाहेर काढलेलं नाही. एखाद्या कंपनीनं हिंमत करावी आणि मरणाचा प्रवेश झाडीत लिहावा. बाया रडतील, माझी खात्री आहे.

धानबांधी

ताई, हे बरोबर बोललात. मी त्याला एक जोड देतो. विनोदी नट बहुतेक लिहिलेलं बोलतच नाही. ज्या गावात प्रयोग असेल तिथल्या सरपंचाचं, दुकानदाराचं, फुटलेल्या रस्त्याचं दुपारीच विचारून ठेवतो आणि रात्री बरोबर तिथं बोट ठेवतो. हे पुस्तकी भाषेत करून दाखवा म्हणावं.

पेंटरबाबू

मी नाटकाला जातो तो पडदे बघायला. हसू नका.

धंद्यानं मी पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं केलं. फ्लेक्स आलं आणि ब्रशचं काम गेलं, ते रडगाणं इथं गात नाही. पण नाटकाचा पडदा अजून कुठं कुठं हातानं रंगवलेला दिसतो, आणि तो दिसला की मी पहिल्या अंकात संवाद ऐकतच नाही.

ठरलेले चार पडदे: राजवाडा, घर, रस्ता, जंगल. राजवाड्याला दोन्ही बाजूंनी खांब आणि मधे चौकटीची फरशी. फरशी मागं जाताना बारीक होत गेली पाहिजे, नाहीतर राजा भिंतीवर उभा असल्यासारखा दिसतो. रस्त्याच्या पडद्यावर विजेचे खांब, आणि एका बाजूला दुकान. त्या दुकानाच्या पाटीवर पेंटर हमखास स्वतःचं किंवा पोराचं नाव टाकतो. बघा कधी निरखून.

माझा जीव जंगलाच्या पडद्यात. आम्ही राहतो सागवान, मोह, ऐन आणि बांबूच्या रानात. पण जुन्या पडद्यांवरचं जंगल बघाल तर सुरूची झाडं, धबधबा, मधोमध हरिण आणि मागं बर्फाचे डोंगर! बर्फ! कॅलेंडरवरून उचललेलं असायचं ना. एकदा मात्र एका गावात पडदा उलगडला आणि समोर मोहाचं झाड. खाली टोपली ठेवलेली, पिवळट फुलांचा सडा, खोडाच्या बुंध्याशी पाला जाळल्याचा काळा डाग. मोहफूल वेचायच्या आधी खालचा पाला जाळतात, तो डाग त्यानं सोडला नव्हता. कोणी रंगवला म्हणून विचारायला रंगपटात गेलो तर सगळे मिशा चिकटवण्यात गुंतलेले, कोणाला पत्ता नाही.

आता बऱ्याच कंपन्या छापील पडदे वापरतात. उजेडात चकाकतात. छापील पडद्यावर लाल दिवा मारला की सगळं चित्र सपाट होतं. हातच्या पडद्यावर तोच लाल दिवा मारा, सावल्या जिवंत होतात, कारण रंगाला जाडी असते. प्रकाशवाल्यांना हे कळतं, मालकाला कळत नाही.

पत्रकांवर तर वेगळा धागा काढता येईल. एका कागदावर बारा-पंधरा चेहरे, प्रत्येकाच्या नावामागं "विनोदाचा बादशहा", "गानकोकिळा", "अभिनयसम्राज्ञी". नाटकाचं नाव मात्र ठळक, तिरपं, खाली पिवळी सावली देऊन. दिसायला भडक आहे, कबूल. पण चालत्या गाडीवरून वाचता आलं पाहिजे, त्या हिशोबानं ते अचूक बसतं.

लांबरोटी

पेंटरबाबू, मोहाच्या झाडाचा पडदा मलाही बघायचा आहे. पण आम्हा बायांना पहिला अंक कधी दिसतो का? आम्ही चुलीपाशी.

ज्या गावात नाटक त्या गावात त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे. लेकी-जावई, नणंदा, मामाकडचे, सोयरीक बघायला आलेले (हो, नाटकाच्या निमित्तानं मुलगी बघून घेतात, दोन्हीकडचा खर्च वाचतो). माझं सासर पवनी तालुक्यात. नाटकाच्या दिवशी आमच्याकडं बेत ठरलेला: लांब रोट्या आणि कोंबड्याचा रस्सा. माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर.

लांब रोटी सगळ्यांना जमत नाही, आणि जिला जमते तिची नाटकाच्या दिवशी सुटका नाही. गहू चांगला लागतो. पीठ वस्त्रगाळ करायचं, मीठ घालून सैल भिजवायचं आणि मग परातीत आपटत राहायचं. हात भरून येतात. कणकेला तार सुटली, उचलली तर न तुटता लांबत गेली, की झालं. चुलीवर मडकं उपडं घातलेलं असतं. गोळा दोन्ही हातांवर खेळवत मनगटावरून कोपरापर्यंत उतरवायचा, पातळ होत होत पलीकडचं दिसायला लागतं, आणि त्याच झोकात तो मडक्यावर टाकायचा. थांबलात तर फाटली. काही क्षणात फोड येतात, लगेच काढून घडी घालायची. सासूबाईंच्या हातावरचे केस कधी आलेच नाहीत, इतकी वर्षं त्या मडक्याच्या झळीत गेली.

सकाळी पाहुणे नाटक बघून येतात, डोळे लाल, कोणी कोणाशी बोलत नाही. तेव्हा तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी. नवीन तांदळाचे असतील तर चिकटतात, जुना तांदूळ थोडा ठेवलेला असतो याच्यासाठीच. सोबत मिरचीचा ठेचा नाहीतर गूळ.

शामियान्याबाहेरच्या खाण्याचं दुसऱ्या कोणीतरी सांगा. मला ते भजे आवडतात पण त्यांचं तेल कोणत्या गावापासून चालत आलेलं असतं देव जाणे.

रेल्वेफाटक

तेल राहू द्या ताई, रात्री अडीचला थंडीत सगळं पचतं.

बाहेरच्या दुकानांचं सांगतो: आलूबोंडा, मिरचीभजे, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, उकडलेल्या पोपटीच्या शेंगा, चहा. क्वचित कोणी आजीबाई लाखोरीच्या डाळीचे वडे तळत बसलेली असते. तिच्याकडं आधी जा, ती दुसऱ्या अंकालाच आटोपून घरी जाते. लाखोरी आमच्याकडं धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर फेकून देतात, नांगरायचीही गरज नाही. तिच्या विक्रीवर कितीतरी वर्षं बंदी होती, पायाला लुळेपणा येतो म्हणून. दुष्काळात दुसरं काहीच नसताना माणसं महिनोन्‌महिने तीच खात, तेव्हाची ती गोष्ट. आमच्या घरात बंदीच्या काळातही वडे व्हायचेच.

पुण्यात_असतो

मी मूळचा लाखांदूरकडचा. आता पुण्यात. रागावू नका, पण वर सगळे लाडानं लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मागच्या हंगामात गावी आलो होतो तेव्हा बायकोला हौसेनं नाटक दाखवायला नेलं. ती नाशिकची. काय दिसलं? दारुडा नवरा, सोशिक बायको, दुष्ट सावकार, बहिणीसाठी जीव देणारा भाऊ. प्रत्येक माणूस ओरडून बोलतो. माईकला घूं घूं आवाज. गोष्ट रंगात आली की मधेच धुराचं यंत्र, लाल-निळे दिवे आणि सिनेमाच्या गाण्यावर डान्स, त्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. "टीव्ही फेम" म्हणून ज्याचं नाव पत्रकावर सगळ्यात मोठं, तो बाबा दोन प्रवेशांत चार वाक्यं बोलून, हात हलवून, गाडीत बसून गेला. आणि पुढच्या रांगेत बसलो तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, एकदा वाक्यं आठवून देणाऱ्या पार्श्वसूचकाचं, एकदा नटाचं!

बालगंधर्वला दोन-अडीच तासांत नेटकं नाटक बघायची सवय झाली की हे सहा तास निघत नाहीत. आपलं म्हणून किती चालवून घ्यायचं?

खडीगंमत

डान्सवाल्यावरून बरोबर बोल्ला भाऊ. बाकी राहू दे.

धानबांधी

पुण्यात_असतो, तुम्ही जे जे पाहिलं ते सगळं खरं आहे. डान्सबद्दल तर मी तुमच्या पुढं आहे. गावकीच्या पोरांना तो लागतो, मंडळाला पोरं लागतात, म्हणून कंपनी घालते. "टीव्ही फेम"वाल्यांना तर मी कधीच टाळ्या वाजवत नाही. त्याच्या एका रात्रीच्या बिदागीत आमचे दोन वादक हंगामभर पोसले जातात.

पण सहा तासांचं आणि ओरडण्याचं मात्र ऐका.

नाटक पहाटेपर्यंत चालतं याला कारण आहे. माणसं आजूबाजूच्या गावांहून येतात. पूर्वी बैलगाडी-खासरानं यायची, आता ट्रॅक्टर, पिकअप, फटफटी. रात्री बारा वाजता नाटक संपवलं तर त्या बायापोरांनी जायचं कुठं? मधे जंगल. ब्रह्मपुरीकडं वाघ, गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडातून आलेले हत्ती. उजाडेपर्यंत माणसं एका जागी धरून ठेवणं हे नाटकाचं कामच आहे. म्हणून गाणी, म्हणून विनोदी, म्हणून एकाच गोष्टीला तीन-तीन फाटे. तुमचं अडीच तासांचं नाटक संपल्यावर बाहेर रिक्षा उभी असते.

ओरडण्याचं: शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नटाचा चेहरा दिसत नाही. तिला खांदा दिसतो, हात दिसतो, आवाज ऐकू येतो. जो नट नुसत्या डोळ्यांनी अभिनय करेल तो इथं आठव्या रांगेच्या पुढं पोचत नाही. ही वेगळी विद्या आहे. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगमंचावरच्या कामासाठी. ते शेतीही करत आले आणि नाटकही. दिवसा धुऱ्यावर, रात्री रंगमंचावर, अशी माणसं आमच्याकडं अजून आहेत.

पार्श्वसूचकाचं काय सांगू. एकेक नट हंगामात निरनिराळी नाटकं करतो, रोज नवं गाव, तालमीला वेळ थोडा. पार्श्वसूचक चांगला असला तर नटाच्या श्वासात वाक्य सोडतो. तुम्ही नेमके त्याच्या समोर बसलात. पुढच्या वेळी पाचव्या-सहाव्या रांगेत बसा.

उत्तरवाहिनी

धानबांधी, सगळं मान्य, पण सोशिक बायकोचं उत्तर तुम्ही अलगद टाळलंत. नाशिकच्या ताईंना तेच खटकलं असणार. दर नाटकात बाई सोसते आणि शेवटी नवऱ्याच्या पायावर मरते. माझ्या शेजारी बसून माझी आई पदरानं डोळे पुसते आणि सकाळी घरी आल्यावर म्हणते, "इतकं सोसायला ती काय बुद्दू होती का?" बाया तुमच्या लेखकांपेक्षा पुढं गेल्या आहेत.

धानबांधी

टाळलं खरं. उत्तर नाही माझ्याकडं. अलीकडं हुंडा, दारूबंदी, शेतकऱ्याची आत्महत्या, मुलीचं शिक्षण असे विषय येतात, पण शेवटी गाडी त्याच रुळावर जाते.

कोसा

मी आंधळगावची, मोहाडी तालुका. आमच्या घरात माग होता, आता नाही. मला नाटकातली राणी बघवत नाही.

राणी येते ती चमकीच्या जाळीच्या साडीत. दिव्याखाली टिकल्या चमकतात, लांबून छान दिसतं, मान्य. पण समोर जमिनीवर बसलेल्या एखाद्या म्हातारीच्या अंगावर जुनं करवतकाठी लुगडं असतं. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा मूळ रंग, मधासारखा, आणि काठावर विणलेले करवतीचे दाते. तो काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून दाता दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. छापलेला नसतो. त्या कोशाचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढतात, आरमोरीकडचे ढिवर लोक जंगलात राखण करत ते वाढवतात, पाखरं हाकलत. म्हणजे खरी राणी प्रेक्षकांत बसलेली असते आणि तिकीट काढून खोटीला बघते.

एवढ्या कंपन्या आहेत. एकीनं तरी एका राजवाड्याच्या प्रवेशाला खरा कोसा नेसवावा. महाग पडतो, माहीत आहे. एकच साडी घ्या, हंगामभर चालेल. घामानं खराब होते म्हणणाऱ्यांनी आमच्या आजीचं लुगडं बघायला यावं.

पेंटरबाबू

कोसाताई, दिव्याचा विचार करून सांगतो: कोशावर पिवळा दिवा पडला तर टिकल्यांची गरजच राहणार नाही. वडशात एका ओळखीच्या कंपनीवाल्याच्या कानावर घालतो. तो ऐकेल असं नाही, पण घालतो.

खडीगंमत

आता माझी पाळी. मी खडी गंमतवाला. आमच्या घरी बाप शाहीर, चुलता नाच्या.

तुम्ही सगळे नाटकाचे गोडवे गाता, गा. पण नाटकाच्या आधी या पट्ट्यात आमच्या लोककला होत्या: दंडार होती, खडी गंमत होती, गोंधळ होता, डहाका होता. खडी गंमतीला पडदा नाही, शामियाना नाही, तिकीट नाही. ढोलकी, टाळ, तुणतुणं आणि उभ्यानं रात्रभर. लुगडं नेसून नाचणारा गडी सकाळी धान बांधायला जायचा. नाटकानं आमच्यातूनच विनोदी घेतला, आमच्यातूनच गाणं घेतलं. आता मंडईत आम्हाला दुपारी उन्हात उभं करतात, आणि दिवे लागले की नाटकवाले. बिदागी किती मिळते ते लिहीत नाही, वाचून तुम्हाला वाईट वाटेल.

आणि पट. धागा काढला पण शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं, नावही घेतलं नाही कोणी! दिवसा पट, रात्री नाटक ही आमच्या माघातली जोडी होती. २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा पटाच्या गावांची नाटकंही उतरली, कारण दिवसाची गर्दीच तुटली. २०२१च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं पटाला मुभा देणारा कायदा उचलून धरला, तेव्हा कुठं पट पुन्हा नीट भरायला लागले. मधे कोरोनाचा हंगाम गेला तो वेगळाच. त्या साली वादक लोक दुसऱ्याच्या बांधीत रोजीनं गेले. मीही गेलो.

धानबांधी

खडीगंमत भाऊ, आमच्या गावच्या मंडईत यंदा रात्रीच्या वेळेचं मी मंडळात बोलतो. नाटक सुरू व्हायला तसेही साडेदहा-अकरा वाजतात. नऊ ते साडेदहा खडी गंमत, त्याच रंगमंचावर, त्याच माईकवर, ठरवून बिदागी देऊन. लोक जेवून येईपर्यंत तुम्ही धरून ठेवा. जमेल?

खडीगंमत

नऊला लोक जेवतच असतात म्हणून तुम्हीच वर लिहिलं ना गा. मग आमच्यासमोर बसेल कोण, कुत्रे? दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मधे द्या. अर्धा तास. डान्सच्या जागी.

लांबरोटी

डान्सच्या जागी! याला माझं मत. तेव्हा आम्ही बायाही येऊन बसलेल्या असतो.

वऱ्हाडी_ठसका

आता तं यावंच लागते. अकोल्याहून कसं येऊ ते सांगा कोनी. आन् बुढीले संग आनू का? तिचे गुडघे दुखतात.

रेल्वेफाटक

आणा काकूंना, खुर्चीचं तिकीट काढा. जमिनीवर पोतं घालून बसायची मजा वेगळी, पण गुडघे नकोत.

अकोला ते नागपूर रेल्वे. तिथून बसनं उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. भिवापूरला गाडी थांबली तर मिरची बघून घ्या, तिथली मिरची नावाजलेली आहे. रेल्वेनंच यायचं तर गोंदियाला उतरा आणि चांदाफोर्टच्या बाजूनं जाणारी गाडी धरा: सौंदड, अर्जुनी, मग वडसा. गाड्या थोड्या आहेत, वेळ आधी बघून निघा.

दिवसा मोकळे असाल तर अर्जुनी मोरगावला उतरून नवेगावबांधचा तलाव बघा. कोहळी लोकांनी बांधलेला, डोंगरांच्या मधे. पुढं गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, आणि त्याच वाटेवर गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत. धानाच्या बांध्यांमधे प्रार्थनेच्या पताका उडताना दिसतात, बाहेरचा माणूस चक्रावतो. दोन दिवस हातात असतील तर मार्कंडा करा. वैनगंगा तिथं उत्तरेकडं वळते, काठावर दगडी देवळांचा समूह, कोरीव काम असं की पेंटरबाबूला तिथून हलवावं लागेल.

एकच सांगणं: रात्री नाटक अर्धवट टाकून फटफटीनं एकटं निघायचं नाही. झोप आली तर तिथंच झोपा, सगळेच झोपतात. स्वेटर, कानटोपी, घोंगडी. धुकं पडलं की बांधीतली थंडी खालून चढते.

पुण्यात_असतो

बायकोला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, डान्स काढून खडी गंमत घालणार असाल तर ती पुन्हा यायला तयार आहे, पण सोशिक बायको मरणार नसेल तरच.

धानबांधी, कंपनीला विचारून कळवा.

धानबांधी

विचारतो वहिनींसाठी. शेवट बदलून मिळतो का माहीत नाही. गाणं वाढवून मिळतं, तलवारबाजी वाढवून मिळते, एकदा एका मंडळानं भांडून मेलेला भाऊ जिवंत करून घेतला होता. बाईसाठी अजून कोणी भांडलं नाही. उद्या वडशाला जातोच आहे तारीख पक्की करायला. उत्तरवाहिनी ताई, तुम्हीही आलात तर बरं. मालकापुढं मी एकटा काय बोलणार?

उत्तरवाहिनी

रविवारी जमेल. पेंटरबाबूंना पण घ्या, साडीचं आणि दिव्याचं त्यांनीच बोलावं. आईला विचारते, तीही येते म्हणेल.